आज लिफ्टला सुट्टी

आमच्या कंपनीत लिफ्ट बसवतात, लिफ्ट दुरुस्त करतात आणि अधूनमधून माणसंही दुरुस्त करायला काढतात. लिफ्टचं बरं असतं, कुठे बिघडलंय ते आवाजावरून कळतं. माणसांसाठी बाहेरून प्रशिक्षक मागवावे लागतात.

मी तक्रारीच्या फोनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी देवाला हाक मारतो आणि मग मला. देव बहुधा कामात असतो, मी मात्र जागेवर सापडते. शिव्या खाणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे आणि त्या परत न करणं हा त्याहून अवघड भाग आहे. तेव्हा माझं बोलणं कुणाला तिखट वाटलं तर त्यांनी ते चालवून घ्यावं. पण ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे त्याच्याबद्दल मला तिखट बोलता येत नाही. चिडले होते मी त्याच्यावर, चांगली चिडले होते. तरी येत नाही.

आम्ही सगळे त्यांना कुलूपराव म्हणायचो. तोंडावरही. अंगाने उंच, पाठीत जरा वाकलेले, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत सारलेल्या. ते आमच्याकडचे सगळ्यात जुने मेकॅनिक. कुलूपराव म्हणायचं कारण असं, की लिफ्टच्या कामाला हात घालायच्या आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडायचा असतो आणि त्याच्या दांड्याला कुलूप लावायचं असतं. आपण खाली अंधाऱ्या खड्ड्यात असताना वर कुणी सहज म्हणून स्विच चढवला, तर लिफ्ट आपल्या डोक्यावर येते. म्हणून स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली, आणि काम संपेपर्यंत ती किल्ली स्वतःच्या खिशात. नियम सगळ्यांनाच आहे. बाकीचे तो पाळतातही, पण जेवायला जाताना किल्ली वॉचमनकडे टाकतात, नाहीतर जोडीदाराच्या हातात देतात. कुलूपरावांनी आपली किल्ली कधी कुणाच्या हातात दिली नाही. ज्या वस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याच्या उजव्या हाताची बोटं अशाच उसन्या दिलेल्या किल्लीपायी गेली होती. तेव्हा कुलूपराव शेजारीच उभे होते.

दुसरं कारण त्यांचं तोंड. कामाचं विचारलं तर उत्तर मिळायचं, ते एका शब्दात. 'झालं', 'नाही', 'उद्या'. मी त्यांना गाठून विचारायचे, "काय कुलूपराव, घरी सगळं ठीक?" तर म्हणायचे, "हो ताई." पुढचा माणूस किती वेळ उभा राहणार?

तर त्या वर्षी मोठ्या साहेबांनी ठरवलं की कर्मचाऱ्यांमधूनच नेते घडवायचे. त्यासाठी एक प्रशिक्षक बाई आल्या. हसतमुख, चुणचुणीत, हातात सतत एक रंगीत पेन. पहिल्याच दिवशी त्यांनी एक खेळ घेतला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी त्याला झेलायचं, म्हणजे एकमेकांवरचा विश्वास वाढतो. आमचे मेकॅनिक जागचे हलेनात. ज्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलंय की मागे बघितल्याशिवाय पाऊल मागे टाकायचं नाही, मागे खड्डा असतो, ते डोळे मिटून कसे पडणार? बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'विश्वासाची कमतरता'. आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, म्हणूनच अजून जिवंत आहोत.

पण बाईंची एक गोष्ट मला पटली, उगाच खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, पगाराच्या कामात हुकूम देऊन काम होतं, त्यात नेता दिसत नाही. एखाद्या चांगल्या कामासाठी मदत गोळा करायची म्हटली की हुकूम चालत नाही, लोकांची मनं वळवावी लागतात. म्हणून प्रत्येक शाखेने एक माणूस निवडायचा आणि मदतनिधीचा एक कार्यक्रम पूर्णपणे त्याच्यावर सोपवायचा. त्यात तो कसा निभावतो ते बघायचं.

आमच्या शाखेतून साहेबांनी कुलूपरावांना निवडलं. सगळ्यांना हसू आलं. मला आलं नाही, कारण मला आतली गोष्ट माहीत होती. सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती. कुलूपरावांची पाठ कामातून गेली होती, डॉक्टरांनी खड्ड्यात उतरू नका म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांच्या पत्नीने मला एकदा बाजूला घेऊन म्हटलं होतं, "ताई, आमचे हे तोंड उघडत नाहीत म्हणून मागे राहतात. तुम्ही जरा ढकला ना." म्हणजे कार्यक्रम धर्मादाय असला तरी कुलूपरावांचं पुढचं सगळं त्यावर होतं.

मी ढकललं. दुपारी जेवायच्या वेळेला ते माझ्या टेबलाशी यायचे आणि आम्ही बोलायचा सराव करायचो. मी चिडलेली गिऱ्हाईक व्हायचे, ते माझी समजूत काढायचे. सुरुवातीला ते मला 'बरं' म्हणून निघून जायचे. मग हळूहळू वाक्यं यायला लागली. कल्पनाही त्यांचीच. शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम होता, तिथल्या वरच्या मजल्यावरची माणसं खाली येऊच शकत नव्हती. जिना उभा आणि अरुंद, लिफ्ट नाही. एक आजोबा दोरीला पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडायचे आणि कुणीतरी त्यात वर्तमानपत्र टाकायचं. कुलूपराव तिथे पंपाचं काहीतरी बघायला गेले होते, त्यांनी ते पाहिलं. सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले, "ज्यांना चढता येतं त्यांनी जिने चढावेत, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं लांब वाक्य. बाईंचं रंगीत पेन हवेतच राहिलं.

ठरलं ते असं. आमच्या देखभालीतला एक उंच टॉवर निवडायचा, लोकांनी नाव नोंदवून खालपासून वरपर्यंत जिना चढायचा, आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीपाळखीतून त्या वृद्धाश्रमाच्या लिफ्टसाठी मदत आणायची. त्या टॉवरच्या दोन लिफ्टपैकी एकीचे दोर बदलायला काढलेले होते, ती बंदच होती. उरलेली एक तेवढ्या सकाळपुरती बंद ठेवायची, म्हणजे कुणी लबाड मधूनच लिफ्टने वर जाऊन घाम पुसत उभा राहणार नाही. आमच्यात असे लबाड कमी नाहीत.

त्यासाठी रहिवाशांची परवानगी हवी होती. कुलूपराव स्वतः दारोदार गेले. मीही एक दिवस बरोबर होते. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक काकू राहत होत्या. गुडघे निकामी, वॉकर धरून चालायच्या, पण जीभ तरतरीत. काका पडल्यामुळे दवाखान्यात होते, सुधारत होते. मुलगी परगावी. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कल्पना छान आहे हो. पण मला उतरायचं झालं तर?"

"हाक मारा काकू," कुलूपराव म्हणाले. "किल्ली खाली वॉचमनकडेच ठेवतो. लगेच चालू करू."

"मग माझी हरकत नाही. उलट मी दारात पाणी घेऊन बसते. वर पोचेपर्यंत तुमच्या लोकांचा जीव जायचा."

कार्यक्रमाच्या सकाळी टॉवरच्या दारात फलक लागला, 'आज लिफ्टला सुट्टी'. तो शब्द माझा. मला फार अभिमान होता त्याचा, आता आठवला की कसंतरी होतं. माणसं खूप आली. लग्नाला येतात तशी सहकुटुंब आली. बँकेतली, शाळेतली, एका शिंप्याने तर आपलं अख्खं दुकान आणलं होतं. कुलूपराव इस्त्रीचा शर्ट घालून सगळीकडे होते. कोण कुठे उभं राहील, पाणी कुठे, दमलेल्यांना बसायला खुर्च्या कुठे, सगळं त्यांनी वाटून दिलं होतं आणि ज्याचं काम त्याच्यावर सोडलं होतं. बाई मला म्हणाल्या, बघा, नेता घडताना दिसतोय. आणि खरंच दिसत होता.

फक्त एक काम त्यांनी स्वतः केलं. गच्चीवर जाऊन स्विच पाडला, दांड्याला कुलूप घातलं. आणि किल्ली खिशात टाकली. वॉचमनकडे द्यायची, हे त्यांनीच ठरवलं होतं, त्यांनीच काकूंना सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांची हाताची सवय. आपण खिशात काय टाकलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. एवढंच झालं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्या सवयीने कितीतरी माणसं धडधाकट घरी गेली आहेत.

काकू दारात खुर्ची टाकून, शेजारी पाण्याच्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. मोठे साहेब धापा टाकत वर पोचले तर त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुमच्या लिफ्ट चांगल्या असतात म्हणे, वापरत जा." साहेबांनी ते खाली येऊन सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर थोड्या वेळाने काकूंना दवाखान्यातून फोन आला. काकांचा श्वास एकदम बिघडला होता, ते काकूंना बोलवा म्हणत होते. काकू होत्या तशा उठल्या. घरातला गाऊन, त्यावर शाल, हातात वॉकर. चढून आलेल्या एका मुलीला त्या म्हणाल्या, लिफ्ट चालू करायला सांग गं. ती मुलगी जिना उतरून धावत वॉचमनकडे गेली. वॉचमनने टेबल पाहिलं, खण पाहिला. किल्ली नव्हती. मुलीने खालून वॉचमनच्या इंटरकॉमवरून काकूंना फोन करून सांगितलं, किल्ली शोधतायत, जरा थांबावं लागेल. हे सगळं नंतर तिनेच मला आणि कुलूपरावांना सांगितलं.

टॉवरच्या मागच्या हिरवळीवर छोटं व्यासपीठ होतं आणि साहेबांचं भाषण सुरू होतं. मी व्यासपीठाच्या कडेला नावनोंदणीच्या टेबलाशी होते. साहेबांनी कुलूपरावांना पुढे बोलावून खांद्यावर हात ठेवला होता. म्हणत होते, "नेतृत्व कशाला म्हणतात ते या माणसाकडे बघून शिका. ज्याला आपण मुका समजत होतो..." आणि लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात वॉचमन गर्दीच्या कडेने आला. भाषण चालू आहे म्हणून बिचारा ओरडला नाही. त्याने कुलूपरावांकडे बघून मनगट फिरवलं, किल्ली फिरवतात तसं. मग वर बोट दाखवलं.

कुलूपरावांनी ते पाहिलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यांनी ते नीट पाहिलं. त्यांचा हात एकदा खिशाकडे गेला. आणि मग त्यांनी तळहात वर करून त्याला खूण केली, थांब जरा.

साहेबांनी माइक त्यांच्या हातात दिला. कुलूपराव बोलले. वृद्धाश्रमातल्या त्या आजोबांच्या पिशवीबद्दल बोलले, स्वतःच्या पाठीबद्दल एक विनोद केला, लोक हसले. मग आणखी बोलले. ते फार छान बोलले, हेच त्यातलं सगळ्यात वाईट. मी त्यांच्याकडून सराव करून घेतलेली माणूस, मला तर भरून आलं होतं. वॉचमन मला कडेला दिसत होता आणि मीही मनात म्हटलं, असेल कुणालातरी बाजारात जायचं, थांबेल.

ते खाली उतरल्यावर वॉचमनने त्यांच्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी टेबल सोडून उठले. ते धावले. चढणाऱ्यांच्या गर्दीतून, ती तसली पाठ घेऊन, सरळ गच्चीपर्यंत. लोकांना वाटलं, हेही चढण्यात भाग घेतायत. काहींनी टाळ्या वाजवल्या.

लिफ्ट चालू झाली. काकू खाली आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर चांगले कपडे होते, केस विंचरलेले होते. कुलूपरावांनी त्यांना जवळजवळ उचलून गाडीत बसवलं. काकू दवाखान्यात पोचल्या तेव्हा काका नुकतेच गेले होते.

कार्यक्रम यशस्वी झाला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मदत जमली, वर्तमानपत्रात फोटो आला. काकांचं कळलं तेव्हा साहेबांनाही वाईट वाटलं, त्यांनी मला आणि कुलूपरावांना कंपनीतर्फे भेटून यायला सांगितलं.

आम्ही गेलो. काकू खुर्चीत बसल्या होत्या, शेजारणीने चहा केला. मी काहीबाही बोलले. कुलूपराव कप हातात धरून बसले होते, त्यांना बोलायचंय हे मला दिसत होतं. शेवटी त्यांनी "काकू..." म्हणून सुरुवात केली.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," काकू मध्येच म्हणाल्या. "किती धावत आलात, शर्ट नुसता घामाने भिजला होता. चूक माझीच आहे. फोन आल्यावर लगेच निघायचं सोडून मी कपडे बदलत बसले. म्हटलं, इतक्या दिवसांनी हे स्वतःहून बोलावतायत, गाऊनवर काय जायचं? कपाट उघडून हे घालू की ते घालू करत बसले. केस विंचरले. चष्मा शोधला. तिकडे ते वाट बघत होते आणि मी इकडे नटत होते."

मला माहीत होतं की क्रम असा नव्हता. काकू गाऊनवरच निघाल्या होत्या. लिफ्ट बंद आहे, थांबावं लागेल, असं कळल्यावर त्या आत गेल्या होत्या. पण दुःखात माणसाला आपलं तेवढंच आठवत राहतं. त्यांना ते कपाट आठवत होतं.

मी कुलूपरावांकडे बघितलं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काळजी घ्या काकू." परतताना मी लिफ्टने उतरले. ते जिन्याने उतरले.

पुढे ते सुपरवायझर झाले. त्यांना खोली मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. त्यांची पत्नी मला भेटून रडली, म्हणाली, तुमच्यामुळे झालं. मला तिच्या डोळ्यांत बघवेना. कुलूपराव खुर्चीत बसायचेच नाहीत, खिडकीशी उभे राहून फोन घ्यायचे. आधी न बोलणारा माणूस होता, तो आता बोलायला शिकलेला आणि तरीही न बोलणारा माणूस झाला. हे जास्त वाईट दिसतं. मीही गप्प होते. मनात म्हणायचे, माझं काय जातं मध्ये पडायला, ज्याचं त्याने बघावं. आणि दुपारी डबा घेऊन दुसऱ्याच टेबलावर जाऊन बसायचे.

महिना उलटला असेल. प्रशिक्षक बाई पुढच्या तुकडीला शिकवायला आल्या. त्यांनी कुलूपरावांना पाहुणे म्हणून बोलावलं, अनुभव सांगायला. मलाही कोपऱ्यात बसायला सांगितलं होतं. बाईंनी पडद्यावर आमच्या कार्यक्रमाचे फोटो दाखवले. मग एका चौकटीत लिहिलेलं आलं, 'धडा : आपत्कालीन वेळी किल्लीची पर्यायी व्यवस्था'. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी एक दुर्दैवी प्रसंग घडला. एका रहिवासी बाईंना दवाखान्यात जायला उशीर झाला. आपण कंपनीच्या बाजूने चौकशी केली, तेव्हा त्या बाईंनीच सांगितलं की उशीर त्यांच्याकडूनच झाला, त्या तयार होत होत्या. त्यामुळे आपल्यावर ठपका नाही. पण धडा घ्यायला हवा. बोला, याबद्दल तुमच्याकडून ऐकायला सगळे उत्सुक आहेत."

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या चौकटीतलं शिकवत होत्या. कुलूपराव उभे राहिले. पडद्यावर त्यांचाच फोटो होता, हातात माइक, चेहरा फुललेला. त्यांनी तो पाहिला. मग म्हणाले, "मला काही सांगायचं नाही," आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. ते जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. मला म्हणाले, "ताई, वॉचमनने खूण केली होती. मला दिसली होती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी बघितलं."

त्यांनी मान हलवली. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मला वाटलं कुणाला तरी भाजी आणायची असेल. पण ते खरं नाही, ताई. मला काहीच वाटलं नाही. साहेब माझ्याबद्दल बोलत होते आणि मला ते संपू नये असं वाटत होतं. एवढंच. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याबद्दल इतकं बोलत होतं." मग म्हणाले, "किल्ली विसरलो, ते एक वेळ सांगता येईल. हे कसं सांगू?"

"जसं मला सांगितलंत तसं."

"तुम्ही याल बरोबर?"

आम्ही तसेच निघालो.  वाटेत मी मनातल्या मनात काकूंच्या बाजूने त्यांना शिव्या घालून बघितल्या, म्हणजे त्या खरंच पडल्या तर मला धक्का बसणार नाही.

काकूंनीच दार उघडलं. वाळल्या होत्या. बोलण्यातला तो खट्याळपणा गेला होता. आम्हाला बसायला सांगून त्या स्वतः खुर्चीत बसल्या, वॉकर समोर ठेवून. कुलूपराव बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं. किल्ली वॉचमनकडे देतो म्हणून वचन दिलं होतं ते सांगितलं, ती खिशात राहिली ते सांगितलं. वॉचमनची खूण सांगितली, स्वतःचा तळहात वर केला तेही सांगितलं. भाषण चांगलं होत होतं म्हणून लांबवलं, हेसुद्धा गाळलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही कपडे बदलायला आत गेलात, ते लिफ्ट बंद होती म्हणून गेलात काकू. तुम्ही गाऊनवरच निघाला होतात. त्या मुलीने तुम्हाला फोन करून थांबायला सांगितलं. उशीर तुम्ही केला नाही. मी केला."

काकू ऐकत होत्या.  सगळं झाल्यावर त्यांनी वॉकरच्या दांडीवरून अंगठा फिरवला.

"गाऊनवर," त्या म्हणाल्या. "हो. शाल घेतली होती मी." आणि मग, "तुम्ही त्या दिवशी इथेच बसला होतात. मी हे सगळं तुमच्यासमोर बोलले. तुम्ही चहा प्यालात."

"हो काकू."

"तेव्हा का नाही बोललात?"

 मला मध्ये बोलून कुलूपरावांना सोडवावंसं वाटलं. मी जीभ चावली.

"तुम्हाला वाटत असेल, मी लिफ्टबद्दल रागावेन," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "लिफ्टचं काय, माणूस आहे, विसरतो. टाळ्या वाजत होत्या, थांबलात. माझे हेही थांबले असते, त्यांना भाषणाची भारी हौस. पण मी माझ्या मुलीला सांगितलं. ती घरी आली तेव्हा तिला मीच सांगितलं, तुझे बाबा एकटे गेले ते माझ्या नटण्यापायी. त्यावर ती काही बोलली नाही. तेव्हापासून रोज फोन करते. गोळी घेतली का विचारते आणि ठेवते. आधी तासभर बोलायची."

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. चष्मा लावून नंबर शोधला, लावला आणि हात लांब करून तो कुलूपरावांपुढे धरला.

"तिला सांगा. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई स्वतःची समजूत घालतेय."

कुलूपरावांनी फोन घेतला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. पलीकडून मुलीचा आवाज आला, तुटक, कामात असल्यासारखा. "बोल आई. गोळी घेतलीस?"

"मी तुमची आई नाही," कुलूपराव म्हणाले. "मी लिफ्टचा मेकॅनिक. तुमच्या आईंनी उशीर केला नव्हता."

 काकू त्यांच्याकडे बघत होत्या. कुलूपरावांनी एकदा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.